क्लचचं पेडल नसलेली गाडी

मला वरचा मजला भाड्यानं देण्याआधी बाईंनी गाडी ढकलायला लावली.

बदली होऊन मी अमरावतीला आले तेव्हा घर पाहण्याची माझी यादी तयार होती. पाणी केव्हा येतं, बाथरूमची कडी आतून नीट लागते का, ऑफिसला जायला रिक्षा मिळते का. त्यातला एकही प्रश्न विचारायची वेळ आली नाही. फाटकाच्या आत राखी रंगाची जुनी अँबॅसिडर उभी होती. तिच्या बॉनेटला टेकून, काठी काखेत धरून, पंच्याहत्तरीच्या एक बाई माझ्याकडं पाहत होत्या.

"अकोल्याची काय तू?"

"हो."

"गाडी ढकलता येते?"

मी पर्स कुठं ठेवावी याचा विचार करत उभी राहिले.

"बॅटरी बसली. मी आत बसते, तू मागून जोर लाव. त्या लिंबापर्यंत."

मी पदर खोचला आणि ढकललं. लिंबाच्या थोडं अलीकडं गाडी ठसकली, धूर सोडला आणि सुरू झाली. बाईंनी खिडकीतून डोकं बाहेर काढलं. "पाणी सकाळी येते. किल्ली घेऊन जाजो. आधीचे भाडेकरू धडधाकट होते दोघं, पण ढकलायची वेळ आली की त्यांले फोन येत जाय."

बाई मुलींच्या शाळेत मुख्याध्यापिका होत्या, निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती. कॉलनी त्यांना बाई म्हणे, भाजीवाली बाई म्हणे, मीही बाई म्हणू लागले. त्यांचा डावा पाय लहानपणीच पोलिओनं गेला होता. त्या पायाला लोखंडी पट्ट्यांचा बूट असे. पायाबद्दल त्या बोलत नसत. कुणी काढलाच विषय, तर गृहपाठ न करून आलेल्या मुलीकडं पाहावं तसं त्याच्याकडं पाहत, आणि तो माणूस आपोआप पावसापाण्याचं बोलू लागे.

शनिवारी मी घरी अकोल्याला जाई. महिन्यातून एखाद्या शनिवारी बाईंनाही तिकडं काम निघे. "बसनं कशाला जातेस, चाल," असं म्हणत. पहिल्या फेरीतच मला कळलं की या गाडीला क्लचचं पेडल नाही. त्यानंतर मी त्या गाडीत कधीच निर्धास्त बसले नाही.

बाईंच्या वडिलांचं धामणगाव रेल्वेला कापसातून सरकी काढायचं जिन होतं. गाडी त्यांनी नवी घेतली होती. मुलगी कॉलेजात जाऊ लागली तेव्हा जिनातल्या फिटरला हाताशी धरून त्यांनी गाडीत एक बदल केला. जिनात मशीनचा पट्टा एका चाकावरून दुसऱ्या चाकावर सरकवायला लाकडी मुठीची एक लोखंडी दांडी असते. तसली एक दांडी त्यांनी गाडीत उजव्या दाराशी, तळाच्या पत्र्याला बोल्ट मारून बसवली. खालून सळई नेऊन ती क्लचला जोडली. बूट अडकू नये म्हणून पेडल कापून टाकलं. दांडी मागं ओढली की क्लच दाबला जाई, हळूहळू सोडली की गाडी पुढं निघे.

आता हिशोब पाहा. उजवा हात दांडीवर. जुन्या अँबॅसिडरचा गिअर स्टिअरिंगलाच डाव्या अंगाला, म्हणून डावा हात गिअरवर. मग स्टिअरिंग कुणाच्या हातात? गिअर बदलायच्या त्या क्षणी कुणाच्याच नाही. बाई उजव्या कोपरानं चाक दाबून धरत आणि समोर पाहत. मी मागं बसून श्वास रोखून धरी. बडनेऱ्यापर्यंतच माझे खांदे दुखायला लागत.

एकदा मी विचारलं, "बाई, त्या वेळी तुम्हाला भीती नाही वाटत?"

"वाटते ना. म्हणून तर समोर पायतो आपण. तू कुठी पायते?"

"तुमच्या कोपराकडं."

"मग तुले भीती वाटनच."

"हळू सरकव, पट्टा उतरन," हे त्यांचं पालुपद होतं. जिनात वडील कामगारांना असं सांगत, तेच बाई सगळ्या जगाला सांगत. मी फोनवर गॅसवाल्याशी भांडत असले की खालून आवाज येई, "हळू सरकव." फाटकाशी कुणी हॉर्न वाजवला तरी तेच. पूर्वी शाळेत एका नव्या शिक्षिकेनं वर्गात मुलींवर आरडाओरडा केला, तेव्हा बाई दारात जाऊन एवढंच म्हणून निघून गेल्या होत्या. बिचारीला जिनातला पट्टा ठाऊक नव्हता, तिला वाटलं साडीबद्दल काहीतरी आहे. ही गोष्ट त्या शिक्षिकेनंच पुढं मला हसत हसत सांगितली.

घरातली एकही वस्तू बाईंनी जशीच्या तशी राहू दिली नव्हती. ओटा खाली घेतला होता. जिन्याला दोन्ही बाजूंनी कठडे होते. वडिलांच्या सागवानी टेबलाचे पाय करवतीनं कापले होते. व्हरांड्यात एक जुनी आरामखुर्ची होती, तिचा डावा हातच काढून टाकलेला, कारण न वाकणारा पाय बाजूला सोडायला जागा लागे. बाईंचा भाचा अकोल्याहून आला की त्या खुर्चीकडं पाहून हळहळे.

"आत्या, ही इंग्रजांच्या काळची खुर्ची होती."

"आता माया काळची आहे," बाई म्हणत आणि तिच्यात बसत.

गाडीची डिकी उघडली की मला बरं वाटे, त्या घरात माझ्या मनासारखी तेवढी एकच जागा होती. चाकामागं लावायला दोन विटा, पाण्याचा कॅन, सुती दोर, फॅनबेल्ट, कंदील, आणि खडूंची एक डबी. खडू कशाला ते मी विचारलं. रस्त्यात गाडी बंद पडली तर मागं रस्त्यावर मोठा बाण काढायचा, म्हणजे ट्रकवाले बाजूनं जातात. "फळ्यावर लिहिलेलं ऐकत नाहीत लोक," बाई म्हणाल्या, "रस्त्यावर लिहिलेलं ऐकतात."

एकदा एक बाई आपल्या मुलीला घेऊन आली. हातात तुरीच्या डाळीची पिशवी. ती नांदगाव खंडेश्वरची, बाईंची जुनी विद्यार्थिनी. बोर्डाच्या परीक्षेच्या दिवशी एसटी आली नाही, तेव्हा बाई स्वतः गाडी घेऊन गावात पोचल्या होत्या आणि सगळ्या मुलींना कोंबून वेळेवर केंद्रावर आणलं होतं.

"भेव नाही वाटलं?" मी तिला विचारलं. मला दुसरा प्रश्नच सुचत नसे.

"लय वाटलं. पण बाई गिअर टाकायच्या आधी म्हणत, तेराचा पाढा म्हणा. आमी म्हणून राहिलो, म्हणून राहिलो, आणि परतवाडा नाक्यावर कवा आलो ते समजलंच नाही."

"परतवाडा नाका नाही, बडनेरा नाका," बाई आतून म्हणाल्या. "भूगोलात तू कच्चीच होती."

हे सगळं असं मजेत चाललं असतं. पण एका दिवाळीनंतर दोन गोष्टी एकदम अंगावर आल्या.

पहिली गोष्ट भाच्यानं आणली. त्याचं अकोल्यात बॅटऱ्या आणि इन्व्हर्टरचं दुकान आहे आणि त्याला जुन्या गाड्यांचं वेड आहे. आत्याच्या गाडीसाठी तो कुठून कुठून अस्सल सामान गोळा करून आणी. दाराची मूठ, चाकाची टोपी, डॅशबोर्डचं बटण. एकेक वस्तू रुमालात गुंडाळून आणी, सोनाराकडून आणल्यासारखी. या वेळी त्यानं बातमी आणली की उन्हाळ्यात गाडीची नोंदणी संपते. साध्या गाडीसारखी ती पुन्हा करायला गेलं आणि तपासणीत गाडी नापास झाली, तर भंगारात. दुसरा रस्ता, विंटेज म्हणून नोंदवायची. पन्नास वर्षांच्या वरची गाडी, मूळ रूपात असलेली. एकदा विंटेजची नंबरपाटी लागली की गाडीला कुणी हात लावू शकत नाही.

"मग लाव पाटी," बाई म्हणाल्या.

भाच्यानं चहाचा कप खाली ठेवला. "मूळ रूपात पाहिजे, आत्या."

"आहे ना."

"दांडी आहे."

 मग भाच्यानं पिशवीतून रुमाल काढला, सोडला आणि टेबलावर क्लचचं जुनं पेडल ठेवलं. त्याच वर्षाच्या गाडीचं, कुठल्याशा गॅरेजमधून मिळवलेलं. त्यानं ते घासून पॉलिश केलं होतं.

मला वाटलं, आता बाई त्याला हाकलून देतील. त्यांनी ते उचललं, हातात तोललं आणि म्हणाल्या, "चांगलं आहे. डिकीत ठेव."

तेव्हापासून माझी झोप उडाली. दांडी काढली तर गाडी वाचते, पण बाईंना ती चालवता येत नाही. दांडी ठेवली तर बाई चालवतात, पण तपासणीत नापास झाली तर गाडी भंगारवाल्याच्या दारात जाऊ शकते. मी माणूस असा की दोन बाजू दिसल्या की तिसरी शोधायची. म्हटलं, "बाई, तपासणीपुरती दांडी काढू. पाटी मिळाली की पुन्हा बसवू."

"म्हणजे कॉपी करू?"

"कॉपी नाही हो, सोय."

"कॉपी करणारी प्रत्येक पोरगी हेच म्हणे."

दुसरी गोष्ट मला एकटीला दिसली, निदान मला तसं वाटत होतं. बाईंचं उजवं मनगट. दिवाळीनंतर त्या दुधाचं पातेलं डाव्या हातानं उचलू लागल्या होत्या. गिअर बदलताना गाडीतून खर्र असा आवाज येऊ लागला, जसा क्लच पूर्ण दाबला गेला नाही की येतो. पूर्वी असा आवाज कधीच येत नसे. फाटकातून बाहेर काढताना एकदा मडगार्ड खांबाला घासलं. बाई उतरल्या, ओरखड्यावर बोट फिरवलं आणि खांबाला म्हणाल्या, "तू काहून पुढं आला?"

मी हसले. मग वर जाऊन बराच वेळ खिडकीत बसून राहिले. कुणाला सांगायचं? भाच्याला सांगितलं तर तो लगेच किल्ली काढून घेईल. नाही सांगितलं आणि एखाद्या ट्रकसमोर ते मनगट निसटलं तर? मी बाईंना म्हटलं, डॉक्टरला दाखवू. त्या म्हणाल्या, दाखवलं. काय म्हणाले? म्हणाले, वय झालं. "ते तर मले शाळेतून काढलं तवाच समजलं होतं."

जानेवारीत अकोल्यात एका कॉलेजच्या मैदानावर जुन्या गाड्यांचं प्रदर्शन होतं. नागपूरहून एक परीक्षक येणार होते. अर्ज करण्याआधी त्यांचं मत घ्यावं असं भाच्यानं ठरवलं. बाई म्हणाल्या, मी चालवत आणते. मी सुट्टी टाकली आणि मागं बसले. त्या सकाळी रस्त्यावर कापसाच्या ट्रॉल्याच ट्रॉल्या होत्या. बाई एकेका ट्रॉलीच्या मागं सबुरीनं राहत, म्हणजे गिअर कमी बदलावा लागे. मूर्तिजापूरच्या पुढं त्या एकदम म्हणाल्या, "बोल काहीतरी. तू गप्प असली की मले तुया श्वास ऐकू येते."

मी तेराचा पाढा म्हणायला सुरुवात केली. त्या हसल्या, पण मला थांबवलं नाही.

मैदानावर चकचकीत गाड्या रांगेत उभ्या होत्या, कापड टाकलेल्या, दोर लावलेल्या. आमची धुळीनं भरली होती. परीक्षक साधारण साठीचे, मऊ बोलणारे गृहस्थ होते. त्यांनी गुडघ्यावर बसून टॉर्चनं खालून सगळं पाहिलं. इंजिनाचा क्रमांक पाहिला, दारं उघडून बंद केली, त्यांचा आवाज ऐकला. भाचा त्यांच्या मागं मागं, लग्नातल्या मुलीच्या बापासारखा. शेवटी ते उठले आणि त्यांनी लाकडी मुठीवर हात ठेवला.

"बाई, गाडी फार सुंदर जपली आहे. एवढी ही दांडी काढा, पेडल लावा. मग ही विंटेज."

"ही केव्हा लावली ते नाही विचारलं तुमी," बाई म्हणाल्या.

"केव्हा लावली?"

"गाडी नवी होती तवा. बिनादांडीची ही गाडी फार कमी दिवस चालली. सारं आयुष्य हिनं दांडीसंगं काढलं. मग हिचं मूळ रूप कोनतं?"

परीक्षकांनी खरोखर विचार केला. मला त्यांचं ते आवडलं. मग म्हणाले, "तुमचं म्हणणं मला पटतं. पण उद्या कुणी गाडीला नवं इंजिन लावेल, कुणी छप्पर कापेल, आणि म्हणेल की आमच्या घरात ती अशीच होती. मी कुठं थांबू? म्हणून कारखान्यातून निघाली तशी, एवढीच रेघ धरतो."

"रेघ बरोबर आहे," बाई म्हणाल्या. परीक्षेच्या पर्यवेक्षकाशी बोलावं तसं.

तेवढ्यात भाचा मध्ये पडला. "सर, आत्याचा पाय लहानपणापासून... त्या काळात, एका मुलीनं... म्हणजे तुम्ही समजून घ्या..."

"पायाची गोष्ट काहून काढतो?" बाई त्याच्याकडं न पाहता म्हणाल्या. "अठी गाडीची चालू आहे."

 बाईंनी परीक्षकांना विचारलं, "पाटी लागल्यावर गाडी बाजारात नेता येते?"

"रोजच्या वापराला नाही. प्रदर्शन, फेरी, दुरुस्ती, एवढ्यासाठी."

"दवाखान्यात?"

"नियमानं नाही."

"म्हणजे पेन्शनीत निघाली," बाई म्हणाल्या आणि काठी टेकत गाडीकडं गेल्या. पण ड्रायव्हरच्या दाराशी गेल्या नाहीत. वळसा घालून डावीकडचं दार उघडलं आणि आत बसल्या.

"चाल," त्यांनी भाच्याला सांगितलं. "अमरावतीले तू ने."

त्या गाडीत बाईंशिवाय दुसऱ्या कुणाला चालवायला बसलेलं मी पाहिलं नव्हतं. भाच्यानंही नसावं. तो आयुष्यभर या गाडीवर जीव टाकत आला होता, पण त्यानं ती एकदाही चालवली नव्हती. त्याचा चेहरा फुलला आणि लगेच उतरला. त्यानं दांडीवर हात ठेवला.

"हळू सरकव," बाई म्हणाल्या.

मैदानाच्या फाटकापर्यंत गाडी तीनदा बंद पडली. अकोला शहर पार करेपर्यंत मी देवाला जे जे कबूल केलं ते अजून फेडते आहे. पण बोरगाव मंजूच्या पुढं त्याला लय सापडली. ओढायची, गिअर, कोपर, सोडायची. बाई समोर पाहत होत्या, मध्येच एखादा शब्द टाकत. "आता." "थांब." "आता." मूर्तिजापूरला आम्ही चहा प्यायलो. भाचा म्हणाला, "आत्या, हे तर वेगळंच आहे. सारखं जागं राहावं लागते." बाई नुसत्या त्याच्याकडं पाहत राहिल्या, निकाल लावायच्या आधी पाहत असतील तसं.

बडनेऱ्याच्या रेल्वे पुलावर गर्दी अडली होती. आम्ही चढावर, पुढं ट्रॅक्टर, मागं ऑटो, आणि ऑटोत शाळेची पोरं. ट्रॅक्टर एकदम थांबला. भाच्याचा डावा पाय सवयीनं खाली गेला, क्लच शोधत. तिथं काही नव्हतं. गाडीला हिसका बसला आणि इंजिन बंद. त्यानं घाईनं पुन्हा सुरू केलं, दांडी पूर्ण ओढली, ब्रेकवरचा पाय उचलला आणि तो ॲक्सिलरेटरला पोचायच्या आत गाडी मागं सुटली.

मी मागच्या काचेतून ऑटो मोठा होताना पाहिला. पोरं आमच्याकडं बोट दाखवत होती. ऑटोवाला दोन्ही हात वर करून काहीतरी ओरडत होता. भाच्याचे दोन्ही हात दांडीवरच घट्ट झाले होते आणि पायांचं त्याला भानच राहिलं नव्हतं.

बाई पुढं वाकल्या आणि डॅशबोर्डखालचा हँडब्रेक दोन्ही हातांनी ओढला. सगळं अंग मागं टाकून ओढला. गाडी करकरली आणि थांबली. ऑटोचं पुढचं चाक आमच्या बंपरला टेकलेलं होतं, नुसतं टेकलेलं.

मी उतरले. डिकीतून विटा काढल्या, चाकांमागं लावल्या. ऑटोवाल्यानं जे बोलायचं ते बोलून घेतलं, मी ऐकून घेतलं. परत आले तेव्हा भाचा काचेकडं पाहत बसला होता. "आत्या, तू चालव," तो म्हणाला. "माझ्यानं नाही होत."

"मले तर दिवाळीपासूनच होत नाही," बाई म्हणाल्या. "आता पाहिलं ना? हँडब्रेकले दोन हात लागले. सकाळी येताना दांडी ओढता ओढता डोळ्यातून पाणी काढलं हिनं माया." मग मागं वळून मला म्हणाल्या, "आणि तुले माहीत होतं."

"हो."

"बोलली काहून नाही?"

"तुमचं चालवणं थांबलं असतं म्हणून."

बाईंनी मान हलवली. रागानं नाही. गर्दी सुटली तशी भाच्यानंच गाडी घरापर्यंत आणली, पहिल्या आणि दुसऱ्या गिअरमध्ये, बैलगाडीसारखी.

घरी व्हरांड्यात तो पायरीवर टेकला. त्या एका हाताच्या खुर्चीत बाई बसल्या होत्या. मी चहा आणला. मग तो म्हणाला, "आत्या, दांडी राहू दे. मी शिकतो. पाटी नको. आजोबांनी तुझ्यासाठी केलेली वस्तू आहे, मी ती काढणार नाही."

मला हायसं वाटलं. मला वाटलं, संपलं.

"काढ," बाई म्हणाल्या.

"काय?"

"दांडी. पेडल लाव."

"आत्तापर्यंत तूच तर..."

"आत्तापर्यंत चालवणारी मी होते. ही दांडी माया पायासाठी होती. तुया पाय धड आहे. धड पायाच्या माणसानं हातानं क्लच काहून दाबावा? आठवण म्हणून? आठवणीनं आज ऑटोतली पोरं मारली असती."

भाच्याचे डोळे भरले होते, तो चहाच्या कपात पाहत होता. "म्हणजे विंटेजच होईल ना मग ती. तेच तर ते म्हणत होते."

"ते मी नाही म्हणत. साधी नोंदणी कर. तपासणी करून घे, नापास झाली तर दुरुस्त कर आणि पुन्हा ने. मागं सीटचे पट्टे लाव, तुई लेकरं बसतीन त्यात. काचेवर ऊन येते, त्याचंही काही कर. आणि बाजारात ने तिले." त्या थांबल्या. "माया बापानं गाडी बदलली, मी चालवायची होती म्हणून. आता तू चालवशील, तर तुया मापाची कर. नाहीतर राहू दे, मी खुर्चीसारखी हिचीबी एक बाजू काढून व्हरांड्यात ठेवते."

भाचा हसला, आणि हसता हसता त्यानं डोळे पुसले.

पेडल बसलं. दांडी निघाली. पट्टे लागले. मार्चमध्ये भाचा गाडी घेऊन आला, बाईंना डोळ्याच्या डॉक्टरकडं न्यायला. त्या डावीकडं बसल्या, मी मागं. आता माझ्या कमरेला पट्टा होता आणि पुढं सगळं रीतसर चाललं होतं, तरी माझे खांदे सवयीनं वर चढलेले. राजकमल चौकात सिग्नल लागला. बाईंनी मांडीवर उजवी मूठ आवळलेली होती. दरवेळी गाडी हलायच्या आत ती मूठ आपोआप मागं येई, आणि मग त्यांच्या लक्षात येई.

"दुसरा टाकायले उशीर करून राहिला तू," त्या भाच्याला म्हणाल्या.

"आत्या, एक सांगायचं राहिलं," तो म्हणाला. "त्या परीक्षकांचा फोन होता. पेडल लावलं म्हटल्यावर खूश झाले. म्हणाले, पट्टे काय, सहज निघतात. दांडीच्या बोल्टची चार भोकं राहिली आहेत पत्र्यात, तेवढी वेल्डिंग करून बुजवली, वर रंग मारला, की कुणाला कळणारही नाही. मग केव्हाही पाटी मिळेल. नुसता विचार करून ठेवू म्हटलं."

बाई वाकल्या. उजव्या दाराशी, भाच्याच्या पायापलीकडं, पत्र्यातली ती भोकं दिसत होती. त्यातून खालचा डांबरी रस्ता दिसत होता.

"बुजवू नोको," त्या म्हणाल्या.

"पावसाचं पाणी येईल, आत्या."

"रबराचं बूच लाव. आणि दांडी डिकीत राहू दे, तेल लावून." त्या पुन्हा सरळ बसल्या. "पुढं घरात कोन्या पोरीचा पाय कसा निघन, काय माहीत. तिनं भोकं पाडण्यापासून सुरुवात काहून करावी?"

सिग्नल सुटला. भाच्यानं या वेळी दुसरा गिअर वेळेवर टाकला.